वाकडी रेघ, सरळ रेघ

तीन आठवडे माझ्या कानात नुसती खरखर होती. त्या खरखरीतून एक उपग्रह 'टिक-टॉक, टिक-टॉक' करत जातो आणि तो आवाज संगणकाला दिला की ढगांचं चित्र मिळतं, एवढं मला वाचून ठाऊक होतं. उपग्रह रोज डोक्यावरून जात होता. मी रोज हेडफोन लावून बसत होते. बारा-तेरा मिनिटं खरखर ऐकायची, उठायचं आणि उद्याची वेळ बघून ठेवायची.

ही २०२४च्या सुरुवातीची गोष्ट. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं नाही. हाताशी होतं ते एक यूएसबी डोंगल, मुळात संगणकावर टीव्ही बघण्यासाठी बनलेलं. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप रेडिओचा कच्चा डेटा जसाच्या तसा संगणकाकडे ढकलू शकते, हे २०१२च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून हे डोंगल म्हणजे गरिबाचा सर्वसंचारी रेडिओ झालाय. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून पुढे १७०० मेगाहर्ट्झच्याही वर जिथे म्हणाल तिथे त्याचा कान लावता येतो. ऐकू काय येईल ते मात्र डोंगलवर फारसं अवलंबून नसतं. हे कळायलाच मला ते तीन आठवडे लागले.

मला हवा होता तो पट्टा व्हीएचएफचा (व्हेरी हाय फ्रीक्वेन्सी), म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झ. लहरीची लांबी १० मीटरपासून १ मीटरपर्यंत. नावात 'व्हेरी हाय' असलं तरी आजच्या हिशेबाने हा पट्टा चांगलाच खालचा. घरातलं वायफाय २४०० मेगाहर्ट्झच्या वर चालतं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना तेव्हा ही उंची खरोखरच फार वाटली असणार. एफएम रेडिओ, विमानांचं बोलणं, जहाजांचा १५६.८ मेगाहर्ट्झवरचा सोळा नंबरचा चॅनेल, हौशी रेडिओवाल्यांचा दोन मीटरचा पट्टा हे सगळे याच गल्लीतले. विमानांची हद्द १३७ मेगाहर्ट्झला संपते आणि तिथून १३८पर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात हवामान उपग्रह राहतात.

मी निवडला नोआ-१९, अमेरिकेचा हवामान उपग्रह. फेब्रुवारी २००९मध्ये सोडलेला, १३७.१०० मेगाहर्ट्झवर बोलणारा. निवडीमागे तांत्रिक कारण काही नव्हतं, त्याची हकिकत आवडली होती. २००३ साली कारखान्यात त्याला आडवा करताना तो गाडीवरून घसरून जमिनीवर पडला. त्याला धरून ठेवणारे २४ बोल्ट आधीच कुणीतरी काढून नेले होते आणि ते आहेत की नाहीत हे बघायचं राहून गेलं. हा आपटलेला उपग्रह दुरुस्त करून वर पाठवला आणि तो वर्षानुवर्षं चालला. म्हटलं, माझ्यासारखीला गुरू हाच बरा.

अँटेना करणं सोपं होतं. निदान तसं वाटलं. १३७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २.१९ मीटर, तिचा चौथा हिस्सा ५४.७ सेंटीमीटर. धातूमध्ये लहर जरा अडखळते म्हणून सळी थोडी आखूड ठेवायची. बहुतेकांनी ठरवलेलं माप ५३.४ सेंटीमीटर. अशा दोन सळ्या, त्यांच्यात १२० अंशांचा कोन, आणि हा 'व्ही' जमिनीला समांतर आडवा ठेवायचा, त्याचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. हे उपग्रह ध्रुवांवरून जातात, त्यामुळे ते येणार उत्तरेकडून नाहीतर दक्षिणेकडून. मी ॲल्युमिनियमच्या सळ्या करवतीने कापल्या, लाकडाच्या फळीवर शाळेतल्या कोनमापकाने कोन आखला, मध्ये स्क्रूचं प्लास्टिकचं कनेक्टर बसवलं. केबलची आतली तार एका सळीला, बाहेरची जाळी दुसऱ्या सळीला. तासाभराचं काम. मी त्याचा फोटोही काढून ठेवला, एवढा अभिमान.

पहिला दिवस वाया गेला तो घड्याळामुळे. उपग्रह कधी येणार हे सांगणारं जीप्रेडिक्ट नावाचं सॉफ्टवेअर मी घेतलं होतं आणि त्यातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत होत्या. मी इथल्या घड्याळाप्रमाणे बसले. उपग्रह यायला अजून कित्येक तास होते.

दुसऱ्या दिवसापासून वेळ बरोबर होती, खरखर तीच.

शेवटी एका काकांना फोन केला. हौशी रेडिओचा परवाना असलेले, सत्तरीतले, बोलताना मध्येच थांबून समोरच्याला पूर्ण बोलू देणारे. ही सवय रेडिओवाल्यांची. एका वेळी एकालाच बोलता येतं ना.

"अँटेना कुठे ठेवलीस?"

"खिडकीत."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत."

"मग तुझ्या अँटेनालाही तेवढंच दिसतंय. अगं, ही शॉर्टवेव्ह नाही. ती वर जाऊन आपटते आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला खाली येते. हिला सरळ चालायचं एवढंच ठाऊक. मधे काय आहे ते आधी बघ, बाकीचं नंतर."

ही गोष्ट मी वाचली होती, पण फोनवर ऐकली तेव्हा डोक्यात शिरली. साधारण ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींना वातावरणाचा आयनांबर परतवतो, म्हणून त्या पृथ्वीला वळसा घालू शकतात. व्हीएचएफ त्याच थरातून बहुतेक वेळा आरपार निघून जाते. जमिनीवरच्या माणसाला हे गैरसोयीचं, कारण तिची पोच क्षितिजाच्या जरा पुढे संपते. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, वर्गमूळ काढायचं, ४.१२ने गुणायचं, की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. दहा मीटरवर १३ किलोमीटर, शंभर मीटरवर ४१. दहापट चढलात तरी तिप्पट. पण उपग्रहासाठी नेमकी हीच खोड कामाची. लहर आरपार जाते म्हणूनच वरची खाली येते. जमिनीवरचा मनोरा तेरा किलोमीटरवर हरवतो आणि साडेआठशे किलोमीटर उंचीवरचं पाच वॉटचं ट्रान्समीटर, म्हणजे रात्री लावायच्या बारक्या बल्बाएवढी ताकद, तारेच्या दोन तुकड्यांवर ऐकू येतं.

अँटेना गच्चीवर गेली. खरखर तरीही तीच.

या वेळी काका म्हणाले, "मीटर लाव." म्हणजे मल्टिमीटर. मी म्हटलं, काका, अँटेना चालतेय, एफएमची स्टेशनं खणखणीत येतायत. ते हसले. "अगं, एफएम ओल्या दोरीवरसुद्धा येतं."

मीटर पी-पीच्या खुणेवर ठेवला, एक टोक एका सळीला, दुसरं दुसऱ्या सळीला. या अँटेनात दोन सळ्यांचा एकमेकींशी काही संबंध नको, मीटर गप्प बसायला हवा. तो वाजला. मी सगळं उलगडलं, पुन्हा बसवलं. पुन्हा वाजला. मग भिंग घेऊन बसले. केबलच्या बाहेरची जाळी म्हणजे शंभर-एक बारीक तांब्याच्या तारांची वेणी. ती सोडून, पीळ देऊन मी स्क्रूखाली दाबली होती. त्या पिळातून सुटलेली एकच तार, केसापेक्षा थोडी जाड, पांढऱ्या प्लास्टिकच्या कडेवरून वळून आतल्या तारेला टेकली होती. दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय दिसतसुद्धा नव्हती. तीन आठवडे उपग्रहाकडून जे काही माझ्या अँटेनावर येत होतं ते या केसावरून चालून तिथल्या तिथे विझत होतं, आणि एफएम आपल्या दांडगाईने आत घुसत होतं. म्हणून तर मी फसले. मी ती नखाने मोडली. मीटर गप्प झाला. इतका आनंद मला नंतर चित्र आल्यावरही झाला नाही, खरं सांगते.

तरी एक भानगड उरली होती. वॉटरफॉल म्हणतात त्या पडद्यावर, जिथे डावी-उजवीकडे फ्रीक्वेन्सी असते आणि काळ वरून खाली वाहत जातो, तिथे मला दर काही किलोहर्ट्झवर उभ्या रेघा दिसायच्या. कंगव्याच्या दातांसारख्या. आधी मला त्या उपग्रहाच्याच वाटल्या आणि मी त्या रेकॉर्डही केल्या. लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा अर्ध्या गेल्या. जिन्यातला एलईडी दिवा बंद केला तेव्हा उरलेल्यांतल्या बऱ्याच गेल्या. स्वस्तातल्या वीजपुरवठ्याच्या डब्या सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांचा कचरा थेट व्हीएचएफमध्ये पडतो. गोंगाट आकाशातून येतो अशी माझी समजूत होती. माझा सगळा गोंगाट माझ्याच घरातून येत होता.

त्या संध्याकाळी लॅपटॉप बॅटरीवर, गच्चीचा दिवा बंद, फळी दोन विटांवर टेकवलेली. नोआ-१९ दक्षिणेच्या क्षितिजावर येतो तेव्हा सुमारे ३,४०० किलोमीटर दूर असतो. डोक्यावर आला की साडेआठशे-पावणेनऊशे. म्हणजे पहिली काही मिनिटं फार आशा करायची नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. साधारण तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर, १३७.१००च्या किंचित उजवीकडे, राखाडी वाळूत कुणी काडी ओढावी तशी एक पुसट रेघ उमटली. मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी रेघा, सारख्या अंतरावर. मधे कणा आणि दोन्हीकडे फासळ्या, अगदी माशाचा सांगाडा.

आणि ती रेघ वाकडी होती.

आजवर पाहिलेल्या सगळ्या रेघा सरळ होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. ही हळूहळू डावीकडे झुकत होती. डॉप्लर परिणाम शाळेत आगगाडीच्या शिट्टीवरून शिकवतात. इथे शिट्टी १३७ मेगाहर्ट्झची आणि गाडीचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या वर. उपग्रह जवळ येताना फ्रीक्वेन्सी सुमारे ३ किलोहर्ट्झ वर असते, डोक्यावर आल्यावर भराभर खाली घसरते आणि जाताना तेवढीच खाली राहते. पडद्यावर लांबट, इंग्रजी एससारखं वळण. तेव्हापासून माझा नियम ठरला: सरळ रेघ जमिनीवरची, वाकडी रेघ आकाशातली. रेकॉर्ड करायच्या आधी मी आजही एवढंच बघते.

हेडफोनमध्ये टिक-टॉक सुरू झालं होतं. एपीटी नावाची ही पद्धत १९६३च्या डिसेंबरातल्या टायरॉस-८ या उपग्रहापासूनची आणि तिचा साधेपणा मला फार आवडतो. उपग्रह चित्र जपून ठेवून पाठवत नाही. तो खाली बघत जातो आणि दिसेल ते सेकंदाला दोन ओळी या गतीने सांगत जातो. २४०० हर्ट्झचा एक सूर, त्याचा मोठा-लहानपणा म्हणजे उजेड आणि अंधार. अर्ध्या सेकंदाच्या एका ओळीत दोन चित्रं शेजारीशेजारी असतात आणि दोघांच्या सुरुवातीला वेगवेगळ्या स्वरांची खूण. एकीचा टिक, दुसरीचा टॉक. ढगांवरून जाताना सुराचा पोत बदलतो. तेराव्या मिनिटाला तो खरखरीत विरघळला तेव्हा मी भानावर आले आणि लक्षात आलं की पाय मुंग्यांनी बधिर झालेत.

आवाजाची फाइल डीकोडरला दिली. ओळीमागून ओळ चित्र उमटलं. ढगाचं एक मोठं वेटोळं, पाण्याचा काळा पसारा, किनाऱ्याची रेघ. पण किनारा कुठला ते काही केल्या ओळखेना. पाच मिनिटं नकाशा शेजारी ठेवून बसले. मग लॅपटॉपच उलटा केला. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेला चालला होता. त्याने दक्षिण आधी सांगितली, म्हणून ती चित्रात वर आली. त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं.

चित्रात दोन ठिकाणी आडवे धुरकट पट्टे होते. पहिला माझा, मी कौतुकाने उठून अँटेनाजवळ गेले होते तेव्हाचा. दुसरा पट्टा, उपग्रह पाण्याच्या टाकीमागे गेला तेव्हाचा. काकांचं 'मधे काय आहे ते बघ' असं छापूनच आलं होतं म्हणा ना.

पुढचे काही महिने मी लोभात पडले. डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, शेवटापर्यंत वाढवला, जास्त ऐकू येईल म्हणून. आलं ते भलतंच. उपग्रहाच्या जागी कुणीतरी गाणी लावलेली. ते एफएमचं भूत होतं. या डोंगलमध्ये सिग्नल आठ बिटांत मोजला जातो, त्यामुळे फार मोठा आणि फार लहान आवाज त्याला एका वेळी पेलत नाही. जवळच्या एफएम मनोऱ्याने तो गुदमरतो आणि नको तिथे नसलेली स्टेशनं दाखवतो. भूत ओळखण्याची युक्ती काकांनी दिली. गेन थोडा उतरवायचा. खरा सिग्नल थोडाच उतरतो, भूत एकदम नाहीसं होतं. नंतर मी एफएमचा पट्टा अडवणारा छोटा फिल्टर मध्ये जोडला आणि ती कटकट संपली.

याच काळात शेजारपाजाऱ्यांची ओळख झाली. विमानांच्या पट्ट्यात आजही जुनं एएम वापरतात याचं मला नवल वाटायचं. काकांनी कारण सांगितलं. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोराचा आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळून टाकतो, आणि दुसरा बोलला होता हे कुणाला कळतही नाही. एएमवर दोघांच्या टकरीची किंचाळी ऐकू येते. कंट्रोलरला निदान समजतं की आणखी कुणीतरी बोलत होतं. ती कर्कश किंचाळी हा दोष नाही, तीच राखण आहे. कुणाचं काय ऐकायला परवानगी आहे याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते बघूनच या गल्ल्यांत शिरावं. हवामान उपग्रहाचं मात्र तसं नाही, तो सगळ्यांसाठीच बोलतो.

बोलत होता, म्हणायला हवं. जून २०२५मध्ये नोआ-१८ बंद करण्यात आला. ऑगस्टमध्ये आधी नोआ-१९ आणि मग काही दिवसांतच नोआ-१५. तो तर १९९८पासून फिरत होता. मी त्या आठवड्यात दोनदा वेळ साधून बसले. जीप्रेडिक्टच्या नकाशावर नोआ-१९ ठरल्याप्रमाणे माझ्यावरून गेला, कारण बंद केला म्हणून उपग्रह खाली येत नाही. पडद्यावर फक्त सरळ रेघा होत्या.

आता १३७च्या पट्ट्यात माझ्यासाठी उरलेत ते मेटिअर-एम मालिकेतले दोन रशियन उपग्रह. एक २०२३ साली सोडलेला, दुसरा २९ फेब्रुवारी २०२४ला. चित्र नोआपेक्षा कितीतरी तपशीलवार, नोआच्या चित्रात एक ठिपका चार किलोमीटरचा होता, इथे एकाचा. पण सगळं डिजिटल. सेकंदाला ७२,००० चिन्हं, ऐकायला गेलं तर निव्वळ फुसफुस. नोआ धुरकट का होईना, काहीतरी द्यायचा. हा दिला तर लख्ख देतो, नाहीतर काळा पट्टा. मला याचा थोडा राग आहे. सिग्नल काठावर असताना काय चाललंय हे कानाला कळत नाही, सॅटडंप या डीकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ठिपक्यांचे चार पुंजके जमतायत का विस्कटतायत, एवढंच बघत बसायचं.

काळे पट्टे कमी करायचे तर अँटेना बदलायला हवी, असं काकांचं मत पडलं. हे उपग्रह सिग्नल सरळ पाठवत नाहीत. लहर स्क्रूच्या आट्यांसारखी उजवीकडे पीळ घेत येते. सरळ सळीला त्यातला निम्माच हाती लागतो. पूर्ण घ्यायचा तर अँटेनालाही त्याला जुळणारा पीळ हवा. म्हणून मी क्वाड्रिफायलर हेलिक्स करायला घेतली. प्लास्टिकचा पाइप, त्यावर तांब्याच्या तारेची दोन चौकटी वेटोळी, एक दुसऱ्यापेक्षा जराशी मोठी, प्रत्येकाला अर्धा पीळ. मापं मिलिमीटरपर्यंत पाळली. जाळीचा एकही केस सुटू दिला नाही. मीटर तीनदा लावला. चार रविवार गेले.

आणि सिग्नल आला तो जुन्या व्हीपेक्षाही कमी. दोन विटांवरच्या फळीपेक्षा कमी! केबल बदलली, कनेक्टर बदललं, गच्चीचा दुसरा कोपरा धरला. शेवटी फोटो काढून काकांना पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"काम सुबक झालंय गं. आरशात बघून केलंस का?"

पीळ उलटा होता. आकृती वरून बघून काढलेली होती आणि मी ती खालून बघितल्यासारखी वाचली होती. डावा आटा असलेल्या नटात उजवा स्क्रू बसवायचा प्रयत्न मी महिनाभर करत होते.

आता नवीन तार आणलीय, जुनी सोडवताना मोडली. पाइपाला भोकं पाडून झाली आहेत. या वेळी पिळाची दिशा पाइपावरच मार्करने बाण काढून लिहिलीय, आणि तार ओढायच्या आधी बाणाचा फोटो काकांना पाठवलाय.